रेडकाला गूळ का पचत नाही? नव्या गोठेवाल्यांसाठी पहिल्या दोन महिन्यांचं वेळापत्रक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात म्हैस व्याली की घरात दोन भांडी चढतात. एकात व्यालेलीसाठी गूळ घालून कण्या शिजतात, दुसऱ्यात खरवस. आणि कण्यांतला उरलेला गूळ पाण्यात विरघळवून कुणीतरी रेडकाच्या तोंडात ओततं. अंगात ताकद यावी म्हणून. निपाणी, संकेश्वर, अथणीकडे तर ऊस दारात आणि गुऱ्हाळ बांधावर, त्यामुळे तिथं हा हात जास्तच सैल.

नोकरी सोडून गावी आलो तेव्हा मीही हेच केलं. दोन म्हशी घेतल्या, त्यातली एक महिनाभरात व्याली. तिसऱ्या दिवशी सकाळी रेडकाची शेपटी चिकट, खालचं गवत ओलं आणि गोठ्यात आंबट वास. आज्जी म्हणाली, "रेडकू सकाळधरनं हगूलालंय की गा." म्हणून तिनं उपाय काय केला, तर पेलाभर गूळ-मिठाचं पाणी. माणसाच्या पोराला जुलाब झाल्यावर देतात तेच. दुपारपर्यंत रेडकू उठेना. डॉक्टर आले, कानडी माणूस. पेल्याचा वास घेतला आणि म्हणाले, "बेल्ल ब्याड्री." गूळ नको. मग मला समजावं म्हणून मोडक्या मराठीत, "ऊस आला, पण ह्याच्याकडे कोयताच नाही."

एवढं एक वाक्य कळायला मला वर्ष लागलं. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे लिहितोय. वासरू, रेडकू, करडू, कोकरू, रवंथ करणाऱ्या सगळ्यांच्या पिल्लांना हे लागू आहे. डुक्कर आणि कोंबडीचं वेगळं, ते मध्येच सांगतो.

कोयता कुठला आणि ऊस कुठला

पिष्टमय आणि गोड पदार्थ म्हणजे साखरेच्या कणांच्या जोड्या किंवा साखळ्या. आतडं अख्खी जोडी शोषून घेत नाही, आधी ती तोडावी लागते. तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असतात आणि काही स्वादुपिंडातून येतात. प्रत्येक जोडीला वेगळं विकर लागतं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती लॅक्टेज तोडतं आणि ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन कण सुटतात. वासरू जन्मतं तेव्हा लॅक्टेज भरपूर असतं, पुढे वय वाढेल तसं कमी होत जातं. गुळातली आणि चहातली साखर म्हणजे सुक्रोज. तिला सुक्रेज लागतं. ते वासराच्या आतड्यात जन्मतः नसतं आणि गाय होऊन म्हातारी झाली तरी येत नाही. मला हे पहिल्यांदा खोटं वाटलं होतं. पण 1957 सालीच डॉलर आणि पोर्टर या दोन संशोधकांनी वासरांना वेगवेगळ्या साखरा पाजून रक्त तपासलं होतं. लॅक्टोज किंवा ग्लुकोज पाजल्यावर रक्तातली साखर चढली, सुक्रोज पाजल्यावर हललीसुद्धा नाही.

तिसरा पदार्थ स्टार्च: तांदूळ, नाचणी, मका, गहू, बटाटा. त्याला अमायलेज आणि माल्टेज लागतात. ही दोन्ही वासरात असतात, पण पहिल्या तीन-चार आठवड्यांत अगदी तुटपुंजी. दूध वाचवायला पेज किंवा आंबील पाजणारी घरं आपल्याकडे आजही आहेत. भात कितीही मऊ शिजवा, तोडणारं विकरच कमी असेल तर शिजवून फारसा फरक पडत नाही.

न तुटलेली साखर जाते कुठं? लहान आतड्यातून तशीच पुढे सरकते. जाताना अंगातलं पाणी आत ओढते, मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात, आम्ल आणि वायू तयार होतो. आंबट वासाची पातळ हगवण ती हीच. आमच्या रेडकाला मूठभर गुळानं ताकद मिळाली नव्हती, उलट त्याच्या अंगातलं पाणी बाहेर गेलं होतं.

माणसाच्या तान्ह्या बाळाकडे सुक्रेज जन्मतःच असतं. म्हणून आज्जीचं साखर-मिठाचं पाणी नातवंडाला लागू पडतं. आणि कोंबडीची पिल्लं आणणारे पहिल्या दिवशी गुळाचं पाणी ठेवतात, तेही बरोबर आहे, कारण पिल्लाला सुक्रोज आणि स्टार्च दोन्ही पचतात. त्याला पचत नाही ती दुधातली साखर. डुकराचं पिल्लू मधल्या वाटेवरचं: जन्मतः लॅक्टेज जोरात, सुक्रेज नावापुरतं, पण दोन-तीन आठवड्यांत ते वाढू लागतं. म्हणजे शेजाऱ्यानं कोंबडीवर किंवा पोरावर बघितलेलं खरंच असतं. ते रेडकाला चालत नाही, एवढंच.

पहिली पायरी: पहिले सहा तास

नाळेला टिंक्चर आयोडीन लावा, अंग कोरड्या पोत्यानं पुसा आणि चीक पाजा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात जन्मलेलं पिल्लू थंडीनं लवकर गार पडतं. पोटातून आणलेली साखरेची शिदोरी, म्हणजे यकृतातलं ग्लायकोजेन, अंग गरम ठेवण्यात भराभर संपते. ती भरून काढायला चिकाइतकं चांगलं काही नाही.

चिकात लॅक्टोज साध्या दुधापेक्षा कमी असतं, बरीचशी ऊर्जा स्निग्धांशातून येते. आणि त्यातली रोगप्रतिकारक प्रथिनं आतड्यातून अख्खी रक्तात जातात ती फक्त पहिल्या दिवसात. दर तासाला ती वाट अरुंद होते, 24 तासांनी जवळजवळ बंद. पिल्लाच्या वजनाच्या दहावा भाग चीक पहिल्या सहा तासांत पोटात जायला हवा. रेडकू 30 किलोचं असेल तर 3 लिटर, दोन वेळांत वाटून. 2 किलोच्या करडाला साधारण 200 मिली, तीन-चार वेळांत.

खरवस, कानडी शेजाऱ्यांचा गिण्ण, त्यानंतर. गल्लीत वाटायचा मान मोठा आहे हे मान्य, पण पहिल्या धारेवर हक्क रेडकाचा. मध चाटवायची पद्धतही सोडा. मधातलं ग्लुकोज पचेल, पण त्यातलं फ्रुक्टोज वासराला नीट शोषता येत नाही.

दुसरी पायरी: दूध कुठल्या पोटात जातंय ते बघा

नवे लोक सगळ्यात जास्त इथं चुकतात, म्हणून जरा थांबतो.

गाई-म्हशीला पोटाचे चार कप्पे असतात. मोठ्या गाईत कोठीपोट, म्हणजे रुमेन, चारही कप्प्यांच्या सुमारे 80 टक्के असतं. नवजात वासरात उलटं. चौथं पोट, जे आपल्या जठरासारखं काम करतं, ते निम्म्याहून मोठं, आणि कोठीपोट म्हणजे एक लोंबती रिकामी पिशवी. दूध या पिशवीत न जाता थेट चौथ्या पोटात जावं म्हणून अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ असते. पिल्लू चोखायला लागलं की तिच्या दोन्ही कडा जुळतात आणि नळी तयार होते. पावसाळ्यात कौलाचं पाणी पन्हळीतून नेमकं हौदात पडतं ना, तसं.

चौथ्या पोटात दहा-पंधरा मिनिटांत दुधाचं दही बांधतं. केसिन आणि स्निग्धांश त्या गोळ्यात अडकून तासन्‌तास हळूहळू पचतात. लॅक्टोज मात्र निवळीबरोबर लवकर पुढे, आतड्यात. म्हणून भुकेल्या रेडकाला तरतरी आधी येते आणि पोट नंतर बराच वेळ भरलेलं राहतं.

आता हेच दूध बाटलीनं किंवा पेल्यानं घशात ओतलं, रेडकानं चोखलंच नाही, तर पन्हळ मिटत नाही. दूध कोठीपोटात पडतं. तिथं ते पचत नाही, आंबतं. असं पिल्लू निस्तेज दिसतं, डाव्या कुशीत फुगतं, शेण पांढरट राखाडी चिकणमातीसारखं होतं. दूध पाजूनही वाळतंय अशी तक्रार घेऊन लोक डॉक्टरांकडे जातात, तेव्हा बऱ्याचदा पाजायची पद्धत चुकलेली असते.

करायचं काय? आचळाची, म्हणजे रबरी बोंडाची, बाटली घ्या. बाटली पिल्लाच्या डोक्यापेक्षा जरा वर, सडाच्या उंचीला धरा. मान वर करून तोंडात ओतू नका. बोंडाचं भोक मोठं करू नका. आमच्या एका पाहुण्यानं वेळ वाचवायला ब्लेडनं भोक वाढवलं आणि महिनाभर हगवण निस्तरत बसला. बादलीनं पाजायचं असेल तर आधी बोट चोखायला द्या, बोट दुधात बुडवत न्या, दोन-तीन दिवसांत ते शिकतं. दूध 38-39 अंशाला, म्हणजे मनगटाच्या आत टाकून कोमट लागेल इतकं. वेळ ठरलेली हवी.

तिसरी पायरी: पहिले तीन आठवडे फक्त दूध

वजनाच्या दहावा भाग दूध, दोन किंवा तीन वेळांत. गाईच्या दुधात लिटरमागे 48 ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असतं, म्हशीच्या दुधातही जवळपास तेवढंच, फरक स्निग्धांशात. म्हणजे 3 लिटर पिणारं पिल्लू दिवसाला दीडशे ग्रॅमच्या जवळपास साखर मुकाट्यानं पचवतं. ही साखर थोडी वाटते का? वरून गूळ कशाला!

पण लॅक्टेजलाही मर्यादा असते. डेअरीची गाडी आली नाही, दूध उरलं, मग एकाच वेळी चार लिटर पाजलं, असं करू नका. एकदम आलेली लॅक्टोजही न तुटता पुढे जाते आणि परिणाम गुळासारखाच. उरलेल्या दुधाचं दही लावा.

आपल्याकडे रेडकू बहुतेक म्हशीखालीच पितं, पान्ह्यापुरतं सोडतात आणि शेवटी एक सड ठेवतात. चालेल, पण किती मिळतंय ते कळत नाही. आठवड्याला एकदा स्प्रिंग काट्यावर पोत्याच्या झोळीत वजन करा. रोज सरासरी 400 ग्रॅम वाढत असेल तर ठीक, नसेल तर एक सड पुरत नाही.

दुधाची पावडर, म्हणजे मिल्क रिप्लेसर, घेताय तर पोत्यावरचा मजकूर वाचा. दुकानदार प्रथिनांचा आकडा दाखवतो, तुम्ही घटक बघा. स्किम्ड मिल्क आणि व्हे पावडर हे दोन आधी असतील तर त्यातली साखर लॅक्टोजच आहे. मका, गहू, सोयाचं पीठ वरच्या ओळीत असेल तर तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला नको. कच्चा तंतू 0.2 टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर वनस्पतीचा माल बराच मिसळलाय असं समजा. स्वस्त पोतं हगवणीच्या औषधात महाग पडतं.

करडं आणि कोकरं यांचंही हेच. शेळी मेली आणि करडू पोरकं झालं तर गाईचं दूध सरळ द्या, पाणी किंवा साखर न घालता, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा.

हगवण लागलीच तर

पहिल्या आठवड्यातल्या हगवणी सगळ्या गुळाच्या नसतात. जंतू, विषाणू, थंडी, घाण, काहीही असू शकतं. पण रोटाव्हायरससारखे जंतू आतड्याच्या अस्तरावरचे बारीक लव्हाळ्यासारखे उंचवटे खातात, आणि लॅक्टेज त्यांच्या टोकांवरच असतं. मग काही दिवस दुधातली साखरही नीट तुटत नाही. अशा वेळी त्यात गूळ ओतला तर आगीत तेल.

पाणी द्यायचं ते ग्लुकोजचं. ग्लुकोज सुटा कण आहे, तोडावा लागत नाही, आणि आतड्यात शिरताना मिठाला सोबत नेतो, मिठामागे पाणी जातं. औषधाच्या दुकानातल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएस पुडीत लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. जनावरांसाठीची वेगळी पुडी मिळाली तर ती उत्तम, नसेल तर ही. फळांच्या चवीचं खोक्यातलं गोड पेय नको, त्यात साखर असते. चवीची ग्लुकोज पावडरही नको, साधी घ्या.

रेडकाला एका वेळी 1 लिटर, दिवसातून तीन-चार वेळा, दोन दुधांच्या मधल्या वेळेत. करडाला 100 ते 150 मिली. दुधात मिसळू नका, सायट्रेटमुळे चौथ्या पोटात दही नीट बांधत नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. दूध पूर्ण तोडायची जुनी पद्धतही मी सोडली. नुसत्या ओआरएसवर पिल्लाचं पोट भरत नाही, त्यात दुधाच्या मानानं ऊर्जा फार कमी. दूध कमी-कमी पण जास्त वेळा द्या.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. घडी दोन-चार सेकंद तशीच राहिली, डोळे आत गेले, बोट तोंडात घातल्यावर चोखत नाही किंवा तोंड गार लागलं, तर पुडीच्या नादी न लागता डॉक्टर. त्या वेळी सलाइनच लागतं. शेणात रक्त असेल तरीही. रेडकाच्या बाबतीत आणखी एक: दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान मोठ्या गोल जंतांवरचं औषध डॉक्टरांना विचारून द्याच. मातकट शेण आणि खडबडीत केस पुष्कळदा त्यांचंच काम असतं.

चौथी पायरी: कोठीपोट जागं करणं

आठव्या-दहाव्या दिवसापासून चिमूटभर काफ स्टार्टर तोंडाला लावा. स्टार्टर म्हणजे 18-20 टक्के किंवा जास्त प्रथिनांचा भरडा: मका, शेंगदाणा किंवा सोया पेंड, थोडा गव्हाचा कोंडा, मिनरल मिक्श्चर, मीठ. घरी दळलात तर जाड ठेवा, पीठ नाकात जातं.

तुम्ही म्हणाल, आत्ताच तर स्टार्च पचत नाही म्हणालास. बरोबर. पण हा भरडा चोखून गिळलेला नसतो, चावून गिळलेला असतो. तो पन्हळीनं न जाता कोठीपोटात पडतो, आणि तिथं पिल्लाच्या विकरांची गरजच नाही. आईच्या चाटण्यातून, चाऱ्यातून, पाण्यातून जिवाणू आलेले असतात. ते स्टार्च आंबवतात, त्यातून ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लं तयार होतात आणि त्यावर कोठीपोटाच्या भिंतीला जिभेच्या खडबडीत कातडीसारखे फुटवे फुटतात. हे फुटवे म्हणजे पुढच्या आयुष्यातली अन्न शोषायची जागा. नुसत्या चाऱ्यावर पिशवी मोठी होते, पण फुटवे आखूडच राहतात. म्हणून या वयात हिरव्या गवताच्या भाऱ्यापेक्षा मूठभर भरडा महत्त्वाचा. वाळलेली मऊ काडी चघळायला थोडी ठेवा, लसूणघास असेल तर बरंच.

भरड्याइतकंच पाणी महत्त्वाचं. पाजलेलं दूध कोठीपोटाला मिळत नाही, ते बाजूनं निघून जातं. जिवाणूंना पोहायला पाणी वेगळं लागतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून स्वच्छ पाण्याची बादली समोर हवी. दूध पितंय की, पाणी कशाला, असं मला तिघांनी विचारलंय.

पाचवी पायरी: दूध तोडणं

वयावर जाऊ नका, खाण्यावर जा. संकरित कालवड सलग तीन दिवस किलोभर स्टार्टर खात असेल तर दूध आठवडाभरात कमी करत तोडता येतं, साधारण आठ ते दहा आठवड्यांत. रेडकू हळू, त्याला आणखी महिना द्या. एकदम तोडलंत तर वाढ अडते आणि ती मागची उणीव भरायला वेळ लागतो.

आणि आता गुळाचं. रवंथ सुरू झाली, स्टार्टर पावशेर-अर्धा किलो जायला लागला, की भरड्याला थोडी काकवी किंवा गुळाचं पाणी लावलं तर चालतं. शंभर किलो भरड्याला पाच किलोपर्यंत, चव यावी आणि धूळ बसावी एवढ्यापुरतं. सुक्रेज अजूनही नाही आणि पुढेही येणार नाही, पण कोठीपोटातले जिवाणू सुक्रोज आधीच फोडून टाकतात. तोच गूळ दुधात किंवा बाटलीत घातला की पन्हळीनं आतड्यात जातो आणि पुन्हा हगवण.

ते पहिलं रेडकू तीन बाटल्या सलाइनवर वाचलं. सव्वा महिन्याचं असताना एका दुपारी गोठ्यात बसून तोंड हलवत होतं. पुढ्यात काही नव्हतं. आज्जी उंबऱ्यावरून म्हणाली, "रवंथ करूलालंय बघ," आणि आत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली. माझ्याकडे बघितलं. मी भरड्याचं घमेलं पुढे केलं, म्हटलं, "ह्यात कुस्कर, आज्जी. पेल्यात नको."